गाव तिथंच आहे, कामं लांब गेली

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये गोठ्याच्या पायरीवरून घसरलो आणि उजवा हात मोडला. सहा आठवडे प्लास्टर. हात दुखला तो दुखलाच, पण एका हातानं गाडी चालवता येत नाही, त्यामुळे कितीतरी वर्षांनी मी पायदळ झालो. आमच्याकडे ‘पायी’ हा शब्द शेगावच्या वारीला. रोजच्या बोलण्यात पायदळच. पहिल्याच दिवशी पानठेल्यावर दोघांनी विचारलं, “काहून गा, पायदळ? गाडी कुठी हाय?” तिसऱ्यानं काही न विचारताच मोटरसायकल थांबवली आणि मागच्या सीटवर हात थोपटला. धडधाकट माणूस रस्त्यानं चालताना दिसला म्हणजे काहीतरी बिघडलं आहे, हे आमच्या भागात सगळे धरूनच चालतात. गाडी तरी बिघडली असेल, नाहीतर नशीब.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट तालुक्यातलं, नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या फाट्यापासून अडीच किलोमीटर आत. वस्ती जेमतेम दोनशे उंबऱ्यांची. चालायचंच होतं, म्हणून एकदा पावलं मोजली. घरापासून किराणा १४० पावलं, आटाचक्की २१०, झेडपीची शाळा ३२०, ग्रामपंचायत ३५०. दोन्ही पानठेले त्याच्या अलीकडे. न्हावी मारुतीच्या पारावर बसतो, आठवड्यातून दोनदा. म्हणजे मीठ, तेल, दळण, दाढी आणि गप्पा यांसाठी मला गाडी कधीच लागत नव्हती. मी उगाच काढत होतो.

अमेरिकेत २००७ साली एक संकेतस्थळ सुरू झालं. कुठलाही पत्ता टाकला की तिथून रोजची कामं पायी किती उरकतात त्याचे शंभरपैकी गुण ते सांगतं. दुकान पाच मिनिटांच्या चालीवर असेल तर पूर्ण गुण, अर्ध्या तासाच्या पलीकडे असेल तर शून्य. घर घेणाऱ्याला तिथे त्याचा उपयोग होतो. पुढे घरांची दलाली करणाऱ्या एका कंपनीनंच ते विकत घेतलं. हे माप मी माझ्या घराला लावून पाहिलं. किराणा, चक्की, चौथीपर्यंतची शाळा पैकीच्या पैकी. रेशन दुकान शेजारच्या गावात दीड किलोमीटरवर, ते काठावर पास. आणि त्यानंतर सगळे शून्य: बँक, औषधाचं दुकान, डॉक्टर, पाचवीपासूनची शाळा, आधार केंद्र, कृषी केंद्र, तलाठी. बससुद्धा, कारण ती फाट्यावर थांबते. पन्नास-साठ गुणांचं मधलं काही नाही.

शहरात चालण्याचा प्रश्न फुटपाथचा असतो. खेड्यात तो फुटपाथचा नाही, निदान आधी तरी नाही. आमचं गाव आजही चालण्याजोगंच आहे. ज्यांनी ते वसवलं त्यांच्याकडे पायांशिवाय दुसरं वाहन बैलगाडीचंच होतं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत झालं असं की गाव तिथंच राहिलं आणि कामं लांब गेली. ती आपोआप गेली नाहीत. प्रत्येक काम कोणीतरी, कुठल्यातरी कागदावर सही करून लांब नेलं. कधी चांगल्या हेतूनं, कधी सोयीनं. पण ते लांब नेताना पायदळ माणसाला किती चालावं लागेल, हा रकाना त्या कागदावर नव्हता.

रोजगार हमीचंच घ्या. पूर्वी मजुरी कामावर, मस्टर वाचून रोख मिळायची. त्यात खोटी नावं, कापलेले पैसे, अंगठे घेऊन दिलेली अर्धी रक्कम, सगळं चालायचं. २००८ च्या सुमारास देशभर ही मजुरी बँकेच्या नाहीतर पोस्टाच्या खात्यात जायला लागली. हे योग्यच झालं. ज्यांनी मस्टरवरची चोरी पाहिली आहे, त्यांना मी वेगळं काय सांगणार? पण रोखीचा पैसा मजुरापर्यंत चालत यायचा, खात्यातल्या पैशाकडे मजूर चालत जातो. एक दिवसाची मजुरी बुडवून, ऑटोचं भाडं देऊन, कधी ‘लिंक नाही’ ऐकून परत येऊन. चोरी थांबवण्याचा खर्च सरकारनं केला असं आपण समजतो. त्यातला मोठा वाटा मजुरांनी चपला झिजवून दिला.

निराधारांचं अनुदान, श्रावणबाळ, लाडकी बहीण, पीककर्ज, शिष्यवृत्ती, सगळ्याची तीच तऱ्हा. पैसे मोबाइलवर येतात म्हणतात. येतात, पण ते येत राहावेत म्हणून केवायसी, अंगठा, हयातीचा दाखला लागतो आणि त्यासाठी देह हजर करावा लागतो. देह मोबाइलवर पाठवता येत नाही.

माझी मोठी आई, म्हणजे थोरल्या काकांची बायको, ७१ वर्षांची आहे. प्लास्टरच्या दुसऱ्या आठवड्यात तिला बँकेत जायचं होतं आणि तिचा मुलगा, ज्याच्याकडे गाडी आहे, तो तीन दिवस “संध्याकाळी नेतो” म्हणत होता. बँक संध्याकाळी बंद असते हे दोघांनाही माहीत होतं. शेवटी मी म्हटलं, चल, मीही पायदळच आहे. आम्ही साडेआठला निघालो. फाट्यापर्यंत अडीच किलोमीटरला आम्हाला पन्नास मिनिटं लागली. फाट्यावर काळी-पिवळी भरायला आणखी वीस. बँकेत मशीननं तिचा अंगठा घेतला नाही. जन्मभर कापूस वेचलेल्या बाईच्या बोटांवर रेषा कशा राहतील? तिनं बोट लुगड्याला पुसलं, तोंडाजवळ नेऊन हुं करून फुंकलं, परत ठेवलं. मग दुसरं, मग तिसरं. काउंटरवरच्या मुलानं ओल्या फडक्यावर बोट टेकवायला सांगितलं, तेव्हा कुठे मधल्या बोटानं मान्यता दिली. तोवर बारा वाजून गेले होते.

परतीला फाट्यावर उतरलो तेव्हा एक. आणि आम्ही रस्त्याच्या चुकीच्या बाजूला.

आमच्या फाट्यावरचा हा राष्ट्रीय महामार्ग ४४ श्रीनगरहून निघतो आणि कन्याकुमारीला संपतो. देशातला सर्वात लांब महामार्ग. त्यावरून आमच्या गावच्या संत्र्याचा ट्रक कुठल्याही फाटकाशिवाय हजार किलोमीटर जाऊ शकतो, पण मोठ्या आईला चौपदरी रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेला जायचं तर नियमानं भुयारी मार्ग गाठायला हवा, जो फाट्यापासून सव्वा किलोमीटर मागे आहे. म्हणजे जाऊन-येऊन अडीच, घरचे अडीच वेगळे. असा नियम कोणी पाळत नाही. दुभाजकातल्या कण्हेरीत एके जागी वाट पडली आहे, माती घट्ट झाली आहे, कठड्याजवळ कोणीतरी दोन दगड पायरीसारखे लावले आहेत. जिथून माणसं खरंच जातात ती जागा कोणाला दाखवावी लागत नाही, जमिनीवर लिहिलेली असते. आराखडा काढणाऱ्यानं एकदा येऊन पाहिली असती तर बरं झालं असतं.

मोठी आई कडेला उभी राहिली, लुगड्याचा काठ एका हातात, थैली दुसऱ्या हातात. मी घाई करत होतो. तिनं माझा चांगला हात धरून ठेवला. “थो टरक दूर दिसते, पन येते लवकर,” ती म्हणाली. आम्ही अकरा मिनिटं थांबलो. मी घड्याळ पाहिलं म्हणून सांगतो. दुभाजकात आणखी चार.

जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला मार्गावर ७५ किलोमीटरची डांबराची पट्टी १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकली गेली आणि गिनीजमध्ये विक्रमाची नोंद झाली. अभिमान वाटावा असंच काम, आमच्याच विदर्भात झालं. तो रस्ता ओलांडायला एखाद्या म्हातारीला किती मिनिटं लागतात हे मात्र कुठल्या पुस्तकात नोंदत नाहीत. त्याच २०२२ साली देशभरात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. जवळपास पाचातला एक. आणि हे मुळात रस्त्यावर सर्वात कमी जागा घेणारे लोक.

खरं तर वर्धा जिल्ह्याला चालणाऱ्यांचं वावडं असायचं कारण नाही. १९३६ च्या उन्हाळ्यात गांधीजी वर्ध्याहून शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, चालत गेले. १९५१ च्या सप्टेंबरात विनोबा पवनारहून दिल्लीकडे पायी निघाले. गाडगेबाबा तिकडे अमरावतीकडचे, पण खराटा घेऊन आधी गावचा रस्ता झाडायचे आणि मग बोलायचे. मोठ्या माणसानं चालणं म्हणजे पदयात्रा, गरिबानं चालणं म्हणजे गरिबी. बुलढाण्याकडच्या शेगावच्या गजानन महाराजांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेलेल्या माणसाच्या लोक पाया पडतात आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी फाट्यावरून चालत आला तर विचारतात, गाडी विकली का?

आता फाट्यापासूनच्या आमच्या अडीच किलोमीटरबद्दल. हा रस्ता आहे, आणि चांगला आहे, हे आधी कबूल करतो. माझ्या लहानपणी पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चपलेला इतका चिकटायचा की प्रत्येक पाय दोन किलोचा व्हायचा. माणसं चपला हातात घेऊन चालायची. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली, आणि तिनं खेड्याला जे दिलं ते खेड्यात न राहिलेल्याला कळणार नाही. गरोदर बाईला बाजेवर टाकून न्यायचे दिवस गेले, ते त्या डांबरामुळे. पण त्या डांबराची रुंदी ३.७५ मीटर. समोरून ट्रॅक्टर आला आणि मागून मोटरसायकल, की तिसऱ्याला जागा उरत नाही, आणि तिसरा नेहमी पायदळच असतो. त्यानं साइडपट्टीवर उतरावं अशी अपेक्षा. साइडपट्टी पहिल्या दोन पावसाळ्यांत वाहून जाते. मग डांबराची कड वीतभर उंच, खाली भेगाळलेली काळी माती, त्यात गाजरगवत आणि बाभळीचे काटे. एकटा माणूस उडी मारून उतरेल. डोक्यावर दळणाचा डबा घेतलेली बाई कशी उतरणार?

ओझं हा चालण्याचा अर्धा प्रश्न आहे. फुटपाथ-पादचारी यांवर लिहिलेलं मी जे काही वाचतो त्यात चालणारा रिकाम्या हातानं चालतो, जणू हवा खायला निघाला आहे. आमच्याकडे रिकाम्या हातानं कोण चालतं? अंत्योदयच्या कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून तेही फुकट आहे. पण ३५ किलो दीड किलोमीटर आणायचे तर कोणाची तरी गाडी पाहिजे, नाहीतर दोन खेपा, नाहीतर ऑटोवाला. ज्या घरात फक्त म्हातारी आहे तिथे हे फुकट धान्य भाडं देऊन घरी येतं.

आणि ऊन. विदर्भात चालण्याबद्दल बोलायचं आणि उन्हाबद्दल नाही, हे होऊच शकत नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, नागपूर इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. नवतपा लागला की दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. त्या दिवशी मोठ्या आईबरोबर परत येताना अडीच किलोमीटरमध्ये मी सावल्या मोजल्या. तीन. दोन चिंचा आणि एक कडुनिंब, तिन्ही जुनी, बहुधा रस्ता रुंद करताना वाचलेली. आम्ही तिन्ही ठिकाणी बसलो. सकाळी पन्नास मिनिटांचा रस्ता दुपारी दीड तासाचा झाला. घरी येऊन तिनं कैरीचं पन्हं घेतलं, डोक्याला कांदा चोळला आणि दोन दिवस पडून राहिली. आता सांगा, फाटा आमच्या घरापासून किती लांब आहे? नकाशात अडीच किलोमीटर. एप्रिलमध्ये सकाळी साडेआठला पन्नास मिनिटं. दुपारी एकला दोन दिवस.

म्हणून मला वाटतं की आमच्या भागात अंतर किलोमीटरमध्ये मोजणं ही पहिली चूक आहे. ते महिन्यात आणि घड्याळात मोजायला हवं. आणि यावर जो उपाय आहे त्याला एक रुपयाही लागत नाही. उन्हाळ्यात आमच्या शाळा सकाळच्या होतात. लहान पोरं उन्हात सापडू नयेत म्हणून हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो, त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. मग एप्रिल ते जून बँकेची खेड्यापाड्यांसाठीची खिडकी, आधार केंद्र, तलाठ्याची बैठक, रेशन दुकान सकाळी सातला उघडायला काय हरकत आहे? कर्मचाऱ्यांनाही बरं. चालणारा माणूस साडेनऊच्या आत घरी. दुपारी ज्यांच्याकडे एसीची गाडी आहे त्यांनी यावं.

“आता सगळ्यांकडे गाड्या आहेत” हे मला सगळ्यात जास्त वेळा ऐकवलं गेलेलं उत्तर. घराकडे गाडी आहे, माणसाकडे नाही. गाडी सकाळी साडेसातला घरच्या पुरुषाबरोबर वावरात किंवा एमआयडीसीत जाते आणि अंधार पडल्यावर परत येते. दिवसा गावात उरतात बायका, म्हातारे, पोरं आणि बकऱ्या. म्हणजे ज्यांना दवाखाना, बँक, रेशन, शाळा यांचं काम सर्वात जास्त, तेच दिवसभर पायदळ. शिवाय ज्या बाईला कुठेही जायचं तर कोणाच्या तरी गाडीवर मागे बसून जावं लागतं, तिची कामं त्या कोणाच्या तरी मर्जीनं होतात. मोठी आई तीन दिवस थांबली ती रस्त्यामुळे नाही, मुलाच्या सवडीमुळे. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि बाया बाहेर पडायला लागल्या, माहेरी जायला लागल्या, स्वतःच्या कामाला स्वतः जायला लागल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण अर्धं तिकीट फाट्यापर्यंतच. फाट्यापासून घरापर्यंतच्या अडीच किलोमीटरला कुठलीच सवलत नाही.

गाडीचं म्हणाल तर ती आमच्याकडे चैन राहिलेली नाही. कापसाचे पैसे आले की पोरगा पहिली गाडी घेतो, हप्त्यानं, बाप चिडतो. मीही चिडत होतो, आता नाही. कामं लांब नेली की गाडी घ्यावीच लागते. तो अंतराचा कर आहे, शंभर रुपयांच्या वर लिटर असलेल्या पेट्रोलमधून भरायचा. शहरातल्या माणसाला बँक कोपऱ्यावर असते, त्याला हा कर लागत नाही.

शाळेचं थोडक्यात सांगतो, कारण ते लिहिताना राग येतो. शिक्षण हक्क कायद्याखालच्या २०११ च्या महाराष्ट्र नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी असं लिहिलं आहे. २०२३ साली २० पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले गेले. मोठी शाळा, चांगली इमारत, पोरांना आणायला बस. पटावर आठ पोरं असलेल्या शाळेत शिकवणं किती अवघड असतं हे मला माहीत आहे, समूह शाळेच्या बाजूनं बोलायला जागा आहे. पण बस ही बंद पडणारी गोष्ट आहे आणि शाळेपर्यंतची पायवाट बंद पडत नाही. जुलैत रपट्यावरून पाणी गेलं की बस पलीकडे, पोरं अलीकडे. त्यातही मुलीचं नाव आधी कमी होतं.

आणि मी ज्या अडीच किलोमीटरचं रडगाणं गातो आहे ते ऐकून पोडावरची माणसं हसतील. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, मारेगाव, झरी-जामणीकडे कोलाम आदिवासींच्या वस्त्या, म्हणजे पोड, आहेत, सगळीकडे बंजाऱ्यांचे तांडे, पारध्यांचे बेडे, गोंदियाकडे टोले. मूळ गावाला डांबर येतं, टोल्याला पांदण. ग्राम सडक योजनेची अट सपाट भागात ५०० लोकवस्तीची आणि आदिवासी-डोंगराळ भागात २५० ची होती. तीस घरांचा पोड कुठे बसणार त्यात? कोलामांसारख्या समाजांच्या १०० लोकवस्तीच्या पाड्यांपर्यंत रस्ता न्यायचं २०२३ च्या पीएम-जनमन योजनेत ठरलं. पट्टी २५० वरून १०० वर यायला तेवीस वर्षं. त्या वर्षांत पांदणीनं चालणाऱ्यांनी किती चिखल तुडवला याचा हिशेब कोण देणार?

अर्थात, दोनशे उंबऱ्यांच्या गावात बँक आणि इस्पितळ काढा असं मी म्हणत नाही. ते होणार नाही आणि होऊही नये. पण प्रत्येक गोष्ट प्रत्येक गावात नेणं आणि प्रत्येक माणूस तालुक्याला नेणं या दोहोंच्या मध्ये एक तिसरी रीत आहे, आणि ती आपल्याच पूर्वजांची आहे. आठवडी बाजार. सोमवारी या गावी, मंगळवारी त्या गावी. दुकानदार फिरतो, गिऱ्हाईक थोडं चालतं. मिरची, चप्पल, विळ्याला धार, सोयरिकीची बोलणी, चार गावच्या बातम्या, सगळं एका दुपारीत. कुठल्याही नियोजनकारानं न आखलेली, शेकडो वर्षं चाललेली व्यवस्था. या बाजारात एका छपराखाली बँकेचं मशीन, आधारची पेटी, तलाठी आणि रक्तदाब पाहणारी सिस्टर बसली तर? महिन्यातून एक बाजार पुरे. बाया तिथे येतातच. २०२३ मध्ये ‘शासन आपल्या दारी’ नावाचा कार्यक्रम झाला तेव्हा लोकांना एसटीत बसवून मोठ्या मंडपात नेलं गेलं. दार नक्की कोणाचं, हा प्रश्न तेव्हाच पडला होता.

उलट चाललं आहे ते असं की जवळची कामंही लांब जात आहेत. आमच्या भागातल्या एका तालुक्याच्या गावी कचेऱ्या स्टँडजवळ होत्या. उतरलं की समोर. आता सगळ्यांची मिळून नवी इमारत गावाबाहेर, बायपासकडे, लेआउट पडलेत तिकडे. जागा मोठी, पार्किंग मोठं. स्टँडपासून दोन किलोमीटर. लिफ्ट आहे, रॅम्प आहे, अपंगांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे आणि तिथपर्यंत पोचायला ऑटोचे वीस रुपये. गेटवर मी विचारलं तेव्हा शिपाई म्हणाला, “सगळे गाडीनंच येतात साहेब.” माझ्या मागे उभ्या असलेल्या चार बाया चालत आल्या होत्या.

२०१९ च्या ग्राम सडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात कृषी बाजार, उच्च माध्यमिक शाळा आणि दवाखाने यांना जोडणारे रस्ते आधी घ्या असं ठरलं. देशभरात सव्वा लाख किलोमीटर. म्हणजे माणूस रस्त्यानं कामाला जातो, रस्ता बघायला जात नाही, हे वर कोणाला तरी कळलेलं आहे. त्याच रस्त्याच्या एका बाजूला दीड मीटरची मुरमाची पट्टी, डांबराच्या पातळीत, आणि तिच्या कडेनं कडुनिंब; एवढं जोडलं तर? झाडांसाठी रोहयोत सोय आहे, लावून तीन वर्षं जगवायची मजुरी मिळते. लोक त्याला बिहार पॅटर्न म्हणतात. दर दोनशे पावलांवर एक सावली.

हे सगळं डोक्यात घेऊन मी १ मेच्या ग्रामसभेला गेलो. हात गळ्यात अडकवलेला होता, त्यामुळे लोकांनी ऐकून घेतलं. फाटा रस्त्याच्या कडेनं पायदळ चालायला पट्टी, झाडं, आणि फाट्यावर जिथून लोक ओलांडतात तिथेच ओलांडायची सोय मागावी, असा अर्ज मी लिहिला होता. त्यावर एकवीस सह्या-अंगठे होते, त्यांतले अठरा बायांचे. सभेत त्यांतली एकही नव्हती, कारण सभा दुपारी बाराला होती आणि मोठ्या आईनं तर आधीच सांगितलं होतं, “एवढ्या उनात कायले येऊ बाप्पा, तूच सांग त्याहीले.” चर्चा बरी झाली. पेव्हर ब्लॉक आधी कोणाच्या गल्लीत यावर मात्र जास्त झाली.

पंधरा दिवसांनी ठरावाची नक्कल मागितली. विषय क्रमांक ७. “फाटा ते गाव रस्त्याचे रुंदीकरण व डांबरीकरण करणेबाबत.” सूचक म्हणून माझं नाव.